पुस्तकांचे खोके

परवा पुन्हा घर बदललं. बंगळूरमधलं हे चौथं. सामान उचलणारा पोरगा पाचव्या खोक्याशी थांबला आणि विचारू लागला, "सर, यात दगड भरलेत का?"

दगड नाहीत, दादांची पुस्तकं. तुळजापूरचं घर विकलं तेव्हा भांडी भावाकडे गेली, पलंग शेजाऱ्यांनी नेला, पुस्तकं कुणालाच नको होती. म्हणून ती माझ्याकडे.

आमच्यासारखी फिरस्ती माणसं हल्ली "पुस्तकं हेच माझं घर" असं म्हणतात. मला ते पटत नाही. घरी कुणीतरी आपली वाट पाहत असतं. पुस्तक कुणाची वाट पाहत नाही. शिवाय नुसतं वाचायचंच असेल तर फोन आहे की! मीही फोनवरच वाचतो.

आणि हलण्याचं दुःख तुळजापूरच्या माणसाने तरी करू नये. आमची भवानीच मुळी चल मूर्ती. वर्षातून तीनदा सिंहासन सोडून पलंगावर निद्रेला जाते. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला ती ज्या पालखीत बसते, ती पालखी येते नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच गावांतले देव असे उठून जात असतील.

कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमातून २००९ पासून मराठी पुस्तकांच्या पेट्या आधी नाशकात आणि मग पार दुबईपर्यंत गेल्या. फार मोठं काम आहे. पण ती पेटी वाचून पुढे जाते, जायलाच हवी. माझे खोके पुढे जात नाहीत. बायको म्हणते, वाचनालयाला देऊन टाक. तिचं बरोबर आहे, निम्मी तरी द्यायलाच हवीत. दर वेळी मी "या बदलीनंतर" म्हणतो.

तर परवा खोका फोडताना व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वर आली. दुष्काळाने अख्खी वाडी उठून जाते, ती कादंबरी. दादा पंचेचाळीस किलोमीटरवरच्या सोलापुराहून एसटीने पुस्तकं आणत आणि पहिल्या पानावर गाव आणि साल लिहीत. आतमध्ये खूण म्हणून घातलेलं एसटीचं तिकीट अजून आहे. शाई उडालीय त्याची.

माझी नऊ वर्षांची मुलगी शेजारी बसली होती. मराठी छान बोलते, पण वाचायला शिकलीय ती शाळेतली हिंदी. (दोष आमचाच. शिकवू शिकवू म्हणत राहिलो.) तिने पहिल्या पानावर बोट ठेवून लावायला सुरुवात केली. "तु..." आणि अडली.

"बाबा, हे कुठलं अक्षर?"

ळ. हिंदीच्या पुस्तकात ते तिला कधी भेटलंच नव्हतं. मी म्हटलं, आपल्या गावाच्या नावातलं आहे. तिने 'तुळजापूर १९७४' असं तीनदा वाचलं, मग विचारलं, "पण हे आजोबांनी लिहिलंय?"

बाकीचे खोके अजून तसेच आहेत. रोज संध्याकाळी ती एकेक पुस्तक काढते, पहिलं पान बघते आणि परत ठेवते.