काचेला आत-बाहेर नसते

इमारतीचे दर्शनी अंग राखले की इमारत राखली, अशी एक सोयीची समजूत वास्तुरक्षकांत रूढ आहे. दगडी वाड्याच्या बाबतीत ती अर्धीमुर्धी खरी असेल. काचेच्या इमारतीच्या बाबतीत ती सपशेल खोटी आहे.

न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर, ४३व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, १९५४ साली मॅन्युफॅक्चरर्स ट्रस्ट कंपनीची बँक उभी राहिली. तोवर बँक म्हटली की देवळाचे खांब आणि तुरुंगाच्या भिंती! ठेवीदाराने दबकतच आत शिरावे, असा त्या वास्तूंचा थाट. स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या संस्थेच्या गॉर्डन बन्शाफ्ट यांनी भिंतींच्या जागी काच बसविली. हेन्री ड्रेफस यांनी रूप दिलेला, सुमारे ३० टन वजनाचा तिजोरीचा दरवाजा तळघरात न दडविता रस्त्यावरून दिसेल असा मांडला. वरच्या मजल्यावर हॅरी बर्टोया यांचा ७० फूट लांबीचा धातूचा पडदा झळकू लागला. ही जाहिरातबाजी होती, हे कबूल. परंतु खिशात दमडी नसलेल्या वाटसरूलाही बँकेच्या पोटात डोकावता येऊ लागले, ही काही लहान गोष्ट नव्हे.

आता रक्षकांचा पराक्रम पाहा. १९९७ साली या इमारतीला स्मारकाचा दर्जा मिळाला, तो केवळ बाह्यांगाला! २०१० साली बँक तेथून उठली आणि बर्टोयांचा पडदाही उतरविला गेला. काचेला कायद्याचे अभय होते. काचेतून जे पाहावयाचे त्याला कोणी वाली नव्हता. २०११ साली आतल्या दालनांनाही दर्जा देण्यात आला, आणि त्याच वर्षी सरकते जिने हलविण्यास व फिफ्थ ॲव्हेन्यूकडे नवी दारे पाडण्यास परवानगीही! प्रकरण न्यायालयात गेले, तेव्हा कुठे तडजोड होऊन २०१२ साली पडदा परत आला. तो आला तो कपड्यांच्या दुकानात.

“इमारतीने काय रिकामे बसावे?” असे व्यवहारी मंडळी विचारतील. मुळीच नाही. दुकान थाटा, वाचनालय काढा. आमची तक्रार भाडेकरूबद्दल नाही. ज्या वास्तूत आतले दालन हेच दर्शनी अंग, तिची आत आणि बाहेर अशी वाटणी करून अर्धीच राखणाऱ्या कायद्याबद्दल आहे. चौकट सांभाळून चित्र विकू देणाऱ्याला कोणी चित्राचा रखवालदार म्हणत नाही.