धनुष्य गेले, माळ राहील काय?

इंदापूर तालुक्यातील निरवांगी-कडबनवाडीकडील माळरानांवर चिंकारा अद्याप आढळतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. या कायद्याने शस्त्राच्या व्याख्येत बंदुकीबरोबरच धनुष्यबाण, जाळी आणि फासेही घातले. चिंकाऱ्याच्या शिकारीस तीन ते सात वर्षांच्या कैदेची शिक्षा आहे. हे योग्यच झाले.

परंतु फाशांवर पोट भरणाऱ्या फासेपारध्यांचे काय? ब्रिटिशांनी त्यांच्यावर मारलेला गुन्हेगारीचा शिक्का १९५२ मध्ये कायद्याने पुसला गेला. पुढे वीस वर्षांनी त्यांची परंपरागत उपजीविकाच गुन्हा ठरली. बंदी ज्या निर्धाराने आली, त्या निर्धाराने जमीन व रोजगार मात्र आले नाहीत.

शिवाय चिंकाऱ्याला केवळ पारध्याचेच भय नाही. गवताळ माळ 'पडीक' समजून नांगरला वा झाडांनी भरला, की उघड्या रानात जगणारे हे हरीण बेघर होते. बारामती तालुक्यात सुप्याजवळ १९९७ मध्ये झालेले मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे आहे.

तेव्हा माळाला माळ म्हणूनच राखावे आणि त्याच्या राखणीचे वेतनी काम पारध्यांना द्यावे. रानाची खडान्‌खडा माहिती असलेल्यांना रानाबाहेर ठेवून रान राखता येणार नाही.