भाड्यासाठी पहिला फ्लॅट पुण्यातच कशाला?

दुकानाचा जम बसला, हातात आठ-दहा लाख आले की आपल्याकडे सल्ला ठरलेला: "पुण्यात फ्लॅट घेऊन टाक, हप्ता भाड्यातूनच फिटेल."

माझं मत सरळ आहे. बुलढाणा जिल्ह्यात राहून बाहेरगावी पहिल्यांदाच घर घेताय, तर आधी छत्रपती संभाजीनगर बघा.

पहिलं कारण अंतर. बुलढाण्याहून ते साधारण दीडशे किलोमीटर. सकाळी निघालात तर प्लंबरचं काम करून घेऊन, भाडेकरूला भेटून रात्री घरी. पुण्याला त्याच कामात दोन दिवस जातात, आणि तेवढे दिवस गल्ला दुसऱ्याच्या भरवशावर.

दुसरं, भाडेकरू. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे. चिकलठाणा, शेंद्रा इथेही कारखाने, शहरात विद्यापीठ. बिडकीनसाठी टोयोटा किर्लोस्करने २०२४ मध्ये करार केला, पण त्या नावावर कोणी फ्लॅट गळ्यात मारत असेल तर थांबा. भाडं घोषणा देत नाही, आज पगार घेणारा माणूस देतो.

आता हिशेब. समजा फ्लॅट ३० लाखांचा, भाडं ९,००० रुपये. वर्षाचे १,०८,०००. त्यातून एक महिना रिकामा धरा, ९,००० गेले. सोसायटीचे १८,०००, घरपट्टी ६,०००, रंग-दुरुस्ती १०,०००. उरले ६५,०००, म्हणजे सव्वादोन टक्केही नाहीत. २० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढलं, तर हप्ता १७,३०० च्या पुढे. भाडं पूर्ण हातात आलं तरी आठ हजारांवर रुपये दरमहा गल्ल्यातून जाणार. दिवाळीचा माल भरायला तेच पैसे लागतात ना? शहर कोणतंही असो, हा हिशेब बसत नसेल तर घर घेऊ नका.

बुकिंगआधी दोन कामं करा. त्या भागातल्या तीन एजंटांना भाडेकरू म्हणून भाडं विचारा, आणि दुसऱ्या तिघांना मालक म्हणून विचारा, "फ्लॅट किती दिवसांत लागेल?" दोन्ही उत्तरं जुळली तरच पुढे. बांधकाम सुरू असेल तर महारेराच्या साइटवर प्रकल्प तपासा.

आणि घर ओळखीच्याला दिलं तरी भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार ती जबाबदारी मालकाची, म्हणजे तुमची आहे.

दुकान तुमचं पहिलं उत्पन्न आहे. दुसऱ्यासाठी पहिलं उपाशी ठेवू नका.