विश्लेषण : पेशींनी सोडलेल्या पुटिका सोन्याच्या चिपवर का तपासायच्या?

कर्करोगाचे पक्के निदान करायचे तर आजही बहुतेक वेळा गाठीचा तुकडा काढून तपासावा लागतो. मात्र शरीरातील पेशी रक्त, मूत्र, पित्त अशा द्रवांत सतत अतिसूक्ष्म पुटिका सोडत असतात. त्यांत मूळ पेशीची प्रथिने आणि आरएनए असतात. गाठीला हात न लावता तिची खबर या पुटिकांतून मिळू शकते. अडचण आहे ती त्या दिसण्याची.

दिसत का नाहीत?

यांतील ‘एक्सोसोम’ प्रकारच्या पुटिका साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या, म्हणजे करोना विषाणूएवढ्या असतात. साध्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटर. विशिष्ट प्रथिनाला चिकटणारे चमकते रंगद्रव्य लावले, तर पुटिका ठिपक्यासारखी दिसू शकते. याला प्रतिदीप्ती म्हणतात. पण एवढ्याशा पुटिकेवर त्या प्रथिनाचे मोजकेच रेणू असतात. त्यामुळे ठिपका फार मंद असतो.

सोने काय करते?

चिपवर सोन्याचा पातळ थर आणि त्यात नॅनोमीटर आकाराची छिद्रे किंवा खळगे असतात. योग्य रंगाचा प्रकाश पडताच सोन्यातील मुक्त इलेक्ट्रॉन एका तालात हेलकावतात. त्यांना प्लाझ्मॉन म्हणतात. त्यामुळे पृष्ठभागालगत विद्युतक्षेत्र तीव्र होते आणि तिथले रंगद्रव्य कित्येक पटींनी उजळते. रंगद्रव्य सोन्याला अगदी खेटले, तर मात्र त्याची चमक विझते. पुटिकेच्या जाडीमुळे हे अंतर बऱ्याच अंशी आपोआप राखले जाते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या संशोधकांनी २०१४ मध्ये नॅनोछिद्रांची चिप वापरून अंडाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या पोटातील द्रवातील पुटिका तपासल्या. तेव्हा प्रतिदीप्ती नव्हे, तर छिद्रांतून येणाऱ्या प्रकाशातील बदल मोजला होता. पुढे तिथेच सोन्याचे खळगे आणि प्रतिदीप्ती यांची सांगड घालण्यात आली.

एकेक पुटिका का मोजायची?

कारण सरासरी फसवते. हजार पुटिकांपैकी दहाच गाठीतून आल्या असतील, तर एकत्रित मोजणीत त्या बुडून जातात. प्राथमिक अवस्थेतल्या रोगात नेमके हेच घडते.

मग चाचणी कधी?

ठिपका चमकला म्हणजे रोग सापडला, असे नव्हे. रक्तात तेवढ्याच आकाराचे मेदप्रथिनांचे कणही असतात. नमुना नीट हाताळला नाही, तर रक्तबिंबिका नव्या पुटिका सोडतात. रंगद्रव्याच्या गुठळ्याही चमकतात. शिवाय कर्करोगाची खूण मानलेले प्रथिन निरोगी पेशींवरही असू शकते. चुकीचा ‘पॉझिटिव्ह’ अहवाल निरोगी माणसाला शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत नेऊ शकतो. चुकीचा ‘निगेटिव्ह’ अहवाल उपचारांची वेळ हुकवतो.

म्हणून वेगवेगळ्या रुग्णालयांतील मोठ्या संख्येने रुग्ण आणि निरोगी व्यक्ती यांच्यावर ही पद्धत पारखली गेली पाहिजे. तोवर ‘रक्ताच्या एका थेंबात कर्करोग ओळखा’ अशा जाहिरातींवर विसंबून डॉक्टरांनी सांगितलेली बायोप्सी कोणी लांबणीवर टाकू नये.