आधी कुलूप काढा, मग यजमानपद मागा

५ जुलै २०२५ रोजी आपल्या बेंगळुरूच्या श्री कांतीरवा स्टेडियममध्ये 'नीरज चोप्रा क्लासिक' ही आंतरराष्ट्रीय भालाफेक स्पर्धा झाली. मानद लेफ्टनंट कर्नल नीरज चोप्रा यांनी ८६.१८ मीटर भाला फेकून ती जिंकली. केनियाचे ज्युलियस येगो दुसरे आले, श्रीलंकेचे रुमेश पथिरगे तिसरे. एवढं आपल्या शाळेत सगळ्यांना पाठ आहे. पण ही स्पर्धा मुळात बेंगळुरूची नव्हतीच, हे थोड्यांनाच आठवतं. ती हरियाणातल्या पंचकुल्याला व्हायची होती. तिथल्या मैदानावरचे दिवे प्रक्षेपणाला पुरेसे नव्हते, म्हणून ती इकडे आली.

असं पहिल्यांदाच घडलेलं नाही. २०१३ ची आशियाई ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा चेन्नईला ठरली होती. श्रीलंकेचे खेळाडू येणार असतील तर स्पर्धा नको, असं तमिळनाडू सरकारने सांगितलं आणि ती पुण्याला गेली. बालेवाडीत मैदान होतं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते बांधलं होतं, २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धाही झाल्या होत्या. पुढे २०१७ ची आशियाई स्पर्धा रांचीला होणार होती. रांचीने माघार घेतली आणि भुवनेश्वर पुढे आलं.

चेन्नईची पुण्याला, रांचीची भुवनेश्वरला, पंचकुल्याची बेंगळुरूला. तिन्ही वेळा स्पर्धा दुसऱ्याच शहरात झाली. माझ्या मते यातून एकच गोष्ट शिकण्यासारखी आहे : ज्याचं मैदान तयार असतं, त्याच्याकडेच शेवटी स्पर्धा येते.

आता हा विषय महत्त्वाचा झाला आहे. २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत. २०३६ च्या ऑलिंपिकसाठी भारत प्रयत्न करतो आहे. जागतिक ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा भारतात भरवायची इच्छाही आपल्या महासंघाने बोलून दाखवली आहे. ही स्पर्धा लहान नसते. नऊ दिवस, सुमारे दोन हजार खेळाडू, मुख्य ट्रॅकशेजारी सरावासाठी चारशे मीटरचा दुसरा ट्रॅक. मग बेंगळुरूनेही ती मागावी का? आमच्या हाऊसमध्ये यावर एकदा चांगलाच वाद झाला. बहुतेकांचं मत 'मागावीच' असं होतं. माझं मत 'आत्ता नाही' असं आहे.

मागावी म्हणणाऱ्यांचा मुद्दा खोटा नाही. घरच्या मैदानाचा फायदा होतो. पुण्यात २०१३ मध्ये भारताला दोनच सुवर्णपदकं मिळाली : थाळीफेकीत मूळचे म्हैसूरचे विकास गौडा आणि महिलांची ४ × ४०० मीटर रिले, ज्यात कर्नाटकच्या पूवम्मा होत्या. चारच वर्षांनी भुवनेश्वरला १२ सुवर्णांसह २९ पदकं मिळाली आणि भारत पदकतक्त्यात पहिल्यांदाच वर गेला. तेव्हा एकोणीस वर्षांच्या नीरज यांनी तिथे सुवर्ण जिंकलं. मैदानात बसून ते पाहिलेल्या एखाद्या मुलाने दुसऱ्या दिवशी बांबूचा भाला केला असेल, तर त्याचा हिशेब कुठल्याच तक्त्यात येत नाही.

हवामानाच्या बाबतीतही बेंगळुरू नशीबवान आहे. २०१९ ची जागतिक स्पर्धा दोह्याला झाली, तेव्हा उकाड्यामुळे महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री घ्यावी लागली. तरीही ६८ पैकी २८ धावपटूंनी शर्यत अर्ध्यावर सोडली. स्टेडियममधल्या रिकाम्या खुर्च्या तर सगळ्या जगाने पाहिल्या. आपल्याकडे असा उकाडा नाही.

मग अडतं कुठे? आपल्याला सगळ्यांना इन्स्पेक्शन माहीत आहे. काही जण आदल्या रात्री जागून बूट चमकवतात, कपाट लावतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा जैसे थे. काहींचं कपाट रोजच नीट असतं. इन्स्पेक्टिंग ऑफिसर अचानक आले तरी त्यांची धावपळ होत नाही. शहरांचंही तसंच आहे. जागतिक स्पर्धा मागणं म्हणजे इन्स्पेक्शनची तारीख मागून घेणं. कपाट रोज लावायची सवय नसेल, तर ती तारीख अंगावर येते.

मोठी शहरंसुद्धा यात अडकली आहेत. लंडनने २००५ च्या जागतिक स्पर्धेचा मान मिळवला होता. नवं स्टेडियम फार महाग पडतंय हे लक्षात आल्यावर २००१ मध्ये त्यांनी शब्द मागे घेतला आणि स्पर्धा हेलसिंकीला गेली. उलट बुडापेस्टने २०२३ साठी स्टेडियम बांधतानाच ठरवलं होतं, की स्पर्धेसाठी ३५ हजार प्रेक्षकांची सोय करायची आणि नंतर वरची तात्पुरती आसनं काढून १५ हजारच ठेवायची. पाहुणे गेल्यावर घरात कोण राहणार, याचा विचार त्यांनी आधी केला.

आपल्याकडे तो विचार होतो का? सुट्टीत मी घरी जातो, तेव्हा जवळच्या शहरातला सिंथेटिक ट्रॅक मला फाटकाच्या गजांतूनच दिसतो. कार्यक्रम असला की फाटक उघडतं, एरवी कुलूप. मग आम्ही मुलं कालव्याच्या कडेने पळतो. हे फक्त लहान गावातच होतं असं नाही. २०२२ मध्ये दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममधून खेळाडूंना संध्याकाळी लवकर बाहेर काढलं जात असल्याची बातमी आली होती. कारण काय, तर एका अधिकाऱ्याला तिथे कुत्रा फिरवायचा असे. त्यानंतर तिथल्या सरकारने मैदानं रात्री दहापर्यंत उघडी ठेवायचा आदेश काढला. जो आदेश पहिल्या दिवसापासून असायला हवा होता, त्यासाठी बातमी छापून यावी लागली.

दुसरी गोष्ट गर्दीची. ४ जून २०२५ रोजी याच शहरात चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयोत्सवाच्या चेंगराचेंगरीत अकरा जणांचा जीव गेला. बरोबर एक महिना आणि एका दिवसानंतर कांतीरवावर भालाफेक स्पर्धा सुरळीत पार पडली, ही नक्कीच जमेची बाजू. पण एक संध्याकाळ सांभाळणं वेगळं आणि नऊ दिवस सांभाळणं वेगळं. जगाला बोलवायचं, तर आलेला प्रत्येक माणूस सुखरूप घरी जाईल एवढी शिस्त आधी हवी.

म्हणून मला वाटतं, बेंगळुरूने पायरी पायरीने चढावं. भुवनेश्वरने तेच केलं. २०१७ ला अवघ्या तीन महिन्यांत मैदान सज्ज केलं खरं, पण तिथेच थांबले नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे जागतिक ॲथलेटिक्स महासंघाच्या कॉन्टिनेंटल टूरची ब्राँझ दर्जाची स्पर्धा झाली. बेंगळुरूनेही दरवर्षी अशी एक तरी स्पर्धा घ्यावी. पंच, मोजणी करणारे, स्वयंसेवक यांना त्यातून सवय होईल. मग वीस वर्षांखालच्यांची जागतिक स्पर्धा, आणि त्यानंतर मोठी. आणि प्रत्येक अर्जासोबत शहराने एक शब्द लिहून द्यावा : स्पर्धा संपल्यानंतरच्या सोमवारी सकाळी सहा वाजता हा ट्रॅक शाळेच्या मुलांसाठी उघडा असेल.

आपले काही प्रशिक्षक म्हणतील, खरा धावपटू ट्रॅकची वाट बघत नाही. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे लहानपणी शाळेत पळत जायचे. महार रेजिमेंटमध्ये आल्यावर, सियाचीनला राहून आल्यावर ते शर्यतीकडे वळले आणि २०२३ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत स्टीपलचेजचं सुवर्ण त्यांनी आणलं. हे खरं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण लष्कराने हात दिला म्हणून एक साबळे पुढे आले. ज्यांना कुणीच हात दिला नाही, अशी मुलं किती असतील? कुलूपबंद ट्रॅक त्यांच्याच वाटेत उभा आहे.

पालकांना एक विनंती. तुमच्या शहरात ट्रॅक असेल तर तो किती वाजता उघडतो, हे एकदा जाऊन विचारा. चार पालक एकत्र गेले तर रखवालदारालाही साहेबांना विचारावं लागतं. आणि कॅडेट मित्रांनो, आपलं मैदान चुन्याच्या रेषांचं का असेना, ते रोज पहाटे आपलं असतं. हे भाग्य आहे, हे पी.टी.ला झोप येत असताना आठवून बघा. आपल्या वयाच्या प्रत्येक मुलाला ते मिळू लागेल, तेव्हा बेंगळुरूने खुशाल जगाला बोलवावं. मी स्वयंसेवक म्हणून पहिलं नाव देईन.