मचाणाची निवड

आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हरणांच्या शिकारीस मज्जाव आहे. अमेरिकेंत मात्र परवाना घेऊन मोसमांत पांढऱ्या शेपटीचें हरीण मारणें विधिसंमत असून झाडावरील मचाण हें तेथील शिकाऱ्यांचें नित्याचें साधन होय. वाचकांपैकीं अनेकांचे आप्त तिकडे स्थायिक झाले आहेत. शेजाऱ्यांबरोबर रानांत जाण्याचा प्रसंग त्यांसही येतो. म्हणून हा विचार.

मचाणें मुख्यत्वें तीन प्रकारचीं. शिडीचें मचाण जड, परंतु नवख्यास सोयीचें. खोडास पट्ट्यांनीं बांधावयाचें मचाण हलकें, पण चढण्याची सोय निराळी करावी लागते. स्वतःबरोबर वर सरकवीत न्यावयाचें मचाण सरळ व खालीं फांद्या नसलेल्या झाडासच चालतें. भारमर्यादा बहुधा ३०० पौंड, म्हणजे सुमारें १३६ किलो असते. तींत कपडे व हत्यार यांचेंही वजन धरावें. वारा हरणांच्या वाटेकडून आपल्याकडे येईल असें झाड निवडावें. कुजकें झाड वर्ज्य.

तथापि आमच्या मतें मचाणापेक्षांही पट्ट्याची निवड महत्त्वाची. पुष्कळसे अपघात चढतांना, उतरतांना किंवा शिडीवरून मचाणावर पाय टाकतांना होतात. यासाठीं खांदे, छाती व मांड्या धरणारा पट्टा जमीन सोडण्यापूर्वींच झाडास बांधलेल्या दोरांत अडकवावा व पाय पुन्हां जमिनीस लागेपर्यंत सोडूं नये. बंदूक रिकामी करून मागाहून दोरीनें वर ओढावी. कोणत्या झाडावर आहों व केव्हां परतूं, हें घरीं सांगून जावें. मोसम पुढील वर्षींही येतो. घरचीं माणसें त्याच संध्याकाळीं वाट पाहत असतात.