कोषाचा श्वास आणि धान्यातली गोळी

उन्हाळ्यात घरोघरी वर्षाचे धान्य भरले जाते आणि त्याबरोबर एक घातक सवयही घरात शिरते. कीड लागू नये म्हणून गव्हात, ज्वारीत ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी ठेवण्याची. राहत्या घरात ही गोळी अजिबात वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तसे का, हे समजून घ्यायचे तर आधी कोषातला किडा श्वास कसा घेतो ते पाहायला हवे.

किड्यांना फुप्फुसे नसतात. शरीराच्या दोन्ही बाजूंना बारीक श्वासरंध्रे असतात. त्यांतून आत गेलेली हवा नलिकांच्या जाळ्यातून थेट पेशींपर्यंत पोहोचते. या रंध्रांना झडपा असतात. कोषातला किडा खात नाही, फारसा हलत नाही; त्यामुळे त्याला ऑक्सिजनही थोडाच लागतो.

1950 च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठातील हॉवर्ड श्नायडरमन आणि कॅरोल विल्यम्स यांनी उत्तर अमेरिकेतल्या सेक्रोपिया पतंगाच्या कोषांचे श्वसन मोजले. हा कोष आधी झडपा घट्ट मिटतो. आतला ऑक्सिजन वापरला जातो आणि तयार होणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर न जाता बहुतांश शरीरातल्या द्रवातच विरघळून राहतो. ऑक्सिजन बराच कमी झाला की झडपा किलकिल्या होतात आणि थोडी थोडी हवा आत येते. शेवटी कार्बन डायऑक्साइड पुरेसा साठला, की झडपा सताड उघडतात आणि तो एकदम बाहेर पडतो. अशा दोन उत्सर्जनांत कित्येक तास जाऊ शकतात.

हे कशासाठी, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. शरीरातले पाणी वाचवण्यासाठी, असे काही म्हणतात. जास्त ऑक्सिजनची इजा टाळण्यासाठी, असे हेट्झ आणि ब्रॅडली यांनी 2005 मध्ये ॲटलास पतंगाच्या कोषांवरील प्रयोगांतून मांडले.

धान्यातल्या सोंडकिड्याचा कोष हेच चक्र हुबेहूब पाळतो, असा दावा मी करत नाही. पण कोषावस्थेत श्वसन मंदावते, हे त्यालाही लागू आहे. शिवाय हा कोष दाण्याच्या आत असतो, वरून दिसत नाही. गोळीला हवेतला ओलावा लागला की फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. चालते-फिरते किडे त्याने लवकर मरतात. अंडी आणि कोष मात्र जास्त तग धरतात. म्हणूनच गोदामात जागा हवाबंद करून कित्येक दिवस धुरी द्यावी लागते. घरातल्या डब्यात तेवढी बंदिस्ती नसते. काही दिवसांनी उरलेल्या कोषांतून नवे किडे निघतात आणि आपण म्हणतो, ‘गोळी कमी पडली, आणखी एक टाकू.’

डब्यातून झिरपणारा तो वायू जातो कुठे? त्याच खोलीत झोपलेल्या माणसांच्या छातीत. आपण मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो, लहान मुले त्याहून जास्त. कोषासारखी दारे लावून बसण्याची सोय आपल्याला नाही. फॉस्फिनवर उतारा नाही. मळमळ, उलट्या, धाप ही लक्षणे अन्नातून विषबाधा झाल्यासारखी वाटतात आणि मोलाचा वेळ जातो. अशा वेळी सर्वांनी लगेच मोकळ्या हवेत यावे, रुग्णालय गाठावे आणि घरात गोळी होती हे डॉक्टरांना आधी सांगावे.

या औषधाच्या वापरावर आपल्याकडे कायद्याने निर्बंध आहेत. ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वापरायचे आहे. तरीही ते घराघरांत पोहोचते, याचा जाब विक्रेत्यांना आणि तपासणी यंत्रणेला विचारलाच पाहिजे.

घरासाठी साधा उपाय आहे. धान्य कडक उन्हात वाळवा, थंड होऊ द्या आणि हवाबंद डब्यात किंवा पिशवीत काठोकाठ भरा. ओलसर धान्य मात्र कोंडू नका, बुरशी येते. चुकून किडे राहिलेच, तर त्यांच्याच श्वासाने आतला ऑक्सिजन संपत जातो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. कोषाने झडपा मिटल्या तरी त्या कधीतरी उघडाव्याच लागतात. वारंवार झाकण उघडले नाही, तर हे काम बिनविषारी पद्धतीने होते. त्यासाठी थोडा धीर धरावा लागेल, पण घरातल्या कुणाच्या जिवाशी खेळ होणार नाही.